दोन बोटं

सुगी तोंडावर आली की मिस्त्रीच्या भट्टीसमोर मळणी यंत्रांची रांग लागायची आणि रांगेतल्या प्रत्येकाला आपलं काम आजच्या आज हवं असायचं. वर्षभर यंत्र गोठ्यामागं गंजत टाकायचं, कोंबड्यांना त्यात खुशाल अंडी घालू द्यायची आणि गहू पिवळा पडला की मिस्त्रीच्या नावानं धावत सुटायचं. तहान लागल्यावर विहीर खणणारी माणसं सगळीकडे सारखीच. यंदाही अंगणात सात यंत्रं उभी होती आणि सात मालक आपला नंबर पुढे सरकवण्यासाठी गोड बोलत होते.

मिस्त्रीची थोरली लेक आत चाकाशी बसून विळ्यांना धार लावत होती. वय एकोणचाळीस. दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरच संपलेले, पण खांदे असे की नव्या माणसाची नजर आधी खांद्यांवरच जायची. विळा चाकाला लागला की ठिणग्या मांडीवर पसरलेल्या चामड्यावर पडायच्या आणि तिचा हात तोवर पुढचा विळा उचलायचा. मागच्या भिंतीवर अकरा पदकं टांगलेली होती. भट्टीच्या धुरानं सगळी एकाच रंगाची झाली होती. रुप्याचं कुठलं आणि ब्राँझचं कुठलं हे फक्त तिला आणि बाबांना सांगता यायचं. सोन्याचं त्यात एकही नव्हतं. खुर्चीत बसून गोळा फेकण्याच्या खेळात तिची अठरा वर्षं गेली होती. खांदा आता पहाटेपासून कुरकुरायचा, म्हणून यंदाची स्पर्धा शेवटची, असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती.

"ताई, जरा बाहेर येतेस का?" धाकट्या भावाची हाक आली. आवाजात वैताग होता.

ती चाकांच्या पाटावर उतरली आणि हातांनी जमीन रेटत दारात आली. धाकट्यानं एका यंत्राच्या तोंडावर बसवायला नवी जाळी केली होती. मिस्त्रीच्या भट्टीचा एक नियम होता. यंत्राचं काम काही का असेना, तोंडावर जाळी असल्याशिवाय ते अंगणाबाहेर जात नसे. मालक रागावो, रुसो, दुसरीकडे जाईन म्हणून धमकावो, मिस्त्री ऐकायचा नाही. हा नियम का, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून फार कुणी वाद घालत नसे.

"बाबा, चौकट तीन फूट म्हणालात ना?" धाकटा विचारत होता.

"तीन फूटच. माझ्या हातची आहे. बावीस वर्षं झाली असतील."

"मग जाळी बसत का नाही? टेपनं मोजून तीन फूट कापलीय."

"टेप खोटी असेल तुझी."

"टेप कशी खोटी असेल? कारखान्यातून येते ती."

"कारखान्यातून येतं ते सगळं खरं असतं होय? घाई केली असशील मोजताना. आण माझा गज."

"मिस्त्री, थंडीनं चौकट आखडली असेल," यंत्राचा मालक म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला. बाकीचे सहाजण हसले नाहीत. त्यांचं काम आणखी मागं पडत होतं.

गज म्हणजे तीन फुटांची चौकोनी लोखंडी पट्टी होती. फुटाफुटाला आणि बोटाबोटाला छिन्नीनं खाचा पाडलेल्या. मिस्त्रीच्या वडिलांपासून चालत आलेली. मिस्त्रीला आता जवळचं धूसर दिसायचं, तरी गजावरच्या खाचा तो अंगठ्यानं चाचपून झरझर वाचायचा. त्यानं गज चौकटीला लावला. बरोबर तीन फूट. मान वर करून तो धाकट्याकडे बघू लागला, हाताच्या काकणाला आरसा कशाला, अशा थाटात.

धाकट्यानं टेप ओढली आणि गजाशेजारी ठेवली. मग तो खाली वाकला, पुन्हा पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाबा, गज दोन बोटं तोकडा आहे."

मिस्त्रीनं गजाचं टोक अंगठ्यानं चाचपलं. एकदा, दोनदा. "टोक झिजलंय," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "झिजलं नाही. मीच घासलंय."

दारात बसलेली लेक पाट मागं रेटून आत वळली. कारण गज तोकडा आहे हे तिला सतरा वर्षांपासून ठाऊक होतं.

*

ते टोक कसं घासलं गेलं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? त्या टोकाच्या आवाजावर तिचं लहानपण गेलं होतं.

धाकटा तेव्हा रांगत होता आणि घण मारायला माणूस मिळत नव्हता. तेरा वर्षांच्या पोरीनं एक दिवस घण उचलला. मिस्त्री हसला. चौथ्या दिवशी हसायचा थांबला. पंधराव्या वर्षी ती बाप्यांना लाजवील असा घण मारायची आणि गावानं तिचं नाव घणाबाई ठेवून दिलं. कामाच्या वेळी बापलेक बोलत नसत. भट्टीच्या घरघरीत बोललेलं ऐकूही येत नाही. बोलायचा तो गज. दुसरे कारागीर हातोडीनं ऐरणीवर ठोका देतात, मिस्त्री गजाच्या टोकानं द्यायचा. एक ठोका म्हणजे मार. दोन ठोके म्हणजे पूर्ण ताकदीनं, काही राखू नकोस. आणि गज आडवा करून ऐरणीवरून खर्रकन ओढला की थांब, झालं, पुरे.

किती सकाळी गेल्या तशा! अंगणातलं गवत दवानं ओलं, भट्टीत कोळसे फुललेले, पाण्याच्या पिंपात तापलेला फाळ बुडवला की उठणारा तो चुर्र आवाज आणि लोखंडाचा उग्र वास. आई तांब्या घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "काय बापलेक आहेत! एकमेकांशी बोलत नाहीत, नुसते ठोकत बसतात." पण ते बोलणंच होतं. घण जरा आखडता पडला तर बाबा न बघता ओळखायचे. "चोरून मारू नकोस," म्हणायचे. "लोखंडाला कळतं." त्या दिवसांची आठवण निघाली की अजूनही तिच्या तळहातांना घणाचा दांडा जाणवायचा. पायांची आठवण तिला फारशी येत नसे. यायची ती त्या सकाळींची.

ठोके देऊन देऊन गजाचं टोक फुलायचं, त्याच्या कडा हाताला लागायच्या. मिस्त्री दर वर्षी ते घासून सपाट करायचा. दर वर्षी केसभर. केसाकेसानं दोन बोटं गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण भट्टीतलं सगळं त्याच गजानं मोजलेलं. एकाच गजाची सगळी पोरं एकमेकांना बरोबर बसायची.

मग ती एकोणीस वर्षांची असतानाची सुगी आली. एक यंत्र आलं, त्याची जाळी वाकलेली होती. मिस्त्रीनं ती काढून घेतली. मालकाचे मजूर खळ्यावर खोळंबले होते. "जाळी दोन तासांत आणून देतो, तोवर चालवा," मिस्त्री म्हणाला. यंत्र गेलं आणि हात कमी पडतात म्हणून त्याच्या मागं ती गेली. यंत्राच्या माथ्यावर उभी राहून पेंढ्या पायानं आत सारत होती. पेंढ्या ओल्या होत्या, पाय सरकला. जाळी तेव्हा भट्टीत लाल होत होती.

त्या दिवसानंतर मिस्त्रीनं गजानं ठोका दिला नाही. विजेवर चालणारा घण आणला. वर्षभर तो ताटावरून मान वर करत नव्हता. दवाखान्यात बसला तरी तिच्या तोंडाकडे बघायचा नाही, चादरीच्या सपाट भागाकडे बघत बसायचा. आणि जाळीबद्दल त्या घरात पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही.

दोन वर्षांनी शाळेतले खेळाचे सर विळ्याला धार लावायला आले. बाजेवर बसलेली ती पोरगी कोळशाची पाटी एका हातानं उचलून बापाला देते आहे, हे त्यांनी पाहिलं. विळा राहिला बाजूला. बसून गोळा फेकायचा खेळ असतो, त्याला लोखंडी खुर्ची लागते, खुर्ची जमिनीला पट्ट्यांनी आवळतात, फेकणारी खुर्चीला आवळून घेते, डाव्या हातात धरायला उभा दांडा असतो, असं सगळं ते मिस्त्रीला सांगत बसले. "बसायची जागा पंच्याहत्तर सेंटीमीटरच्या वर नको. तेवढं सांभाळा."

"म्हणजे अडीच फुटांना बोटभर कमी," मिस्त्री म्हणाला. दोन वर्षांत त्याच्या तोंडून आलेलं ते सगळ्यात मोठं वाक्य होतं.

आठ दिवस त्यानं दुसरं काम हातात घेतलं नाही. नळ्या वाकवल्या, पाठीला टेकू केला, दांडा बसवला. तीन किलोचा गोळाही स्वतः घडवला, वजनाला गुंजेनं कमी नाही. पहिल्यांदा तिला त्यानंच उचलून खुर्चीत ठेवलं. गोळा हातात देऊन तो शेताच्या त्या टोकाला जाऊन उभा राहिला, तोंड फिरवून. गोळा पडल्याचा धप्प आवाज आल्यावर मात्र वळला. मग गोळा उचलून धावत आणून दिला. पन्नास वर्षांचा माणूस, पण पोरासारखा धावला. ते धावणं तिनं जन्मभर जपून ठेवलं.

पहिल्याच मोठ्या स्पर्धेत पंचानं खुर्चीला टेप लावली. "बाहत्तर. अहो बाई, अजून तीन सेंटीमीटर वाढवता आली असती की!" सरांनी कपाळावर हात मारला. "बोटाला बोट गं! खुर्ची जितकी वर, तितका गोळा पुढे. घरी जाऊन बाबांना सांग." ती सांगायला गेलीही. बाबा दारातच उभे होते. खुर्ची टेम्पोतून उतरवून त्यांनी एकेक जोड तपासला, तेल दिलं, फडक्यानं पुसली. आई कानाशी येऊन म्हणाली, "आज जेवताना दोनदा बोलले." या माणसाला सांगायचं, की तुमचं हेही माप चुकलं? तिची जीभ उचलली नाही.

एक वर्ष सरांचा हट्ट मोडवेना, म्हणून बसायच्या जागेवर फळी टाकून बघितली. परत येताना फळी काढायची राहून गेली. मिस्त्रीला ती लगेच सापडली. "उंची कमी पडते काय?" त्यानं विचारलं. विचारताना तोंड असं झालं होतं की तिनं पटकन ठोकून दिलं, "नाही हो, खालून गार लागतं लोखंड." दुसऱ्या दिवशी त्यानं बसायच्या जागेला घोंगडीचा पातळ तुकडा शिवून बसवला, दोन्ही कडांनी नीट दुमडून. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. सर वर्षानुवर्षं चिडत राहिले. एका वर्षी ती दोन सेंटीमीटरनं दुसरी आली, एका वर्षी एका सेंटीमीटरनं. घरी आल्यावर ती म्हणायची, "पुढची बाई फारच ताकदवान होती, बाबा." आणि बाबा म्हणायचे, "असू दे. चांदी काय वाईट असते?"

*

गज मोजला त्या दिवसापासून मिस्त्री तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा गप्प झाला. धाकट्यानं जाळी कापून लहान केली, यंत्र गेलं, दुसरं पुढे आलं. मिस्त्री भात्याजवळ बसून राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाला, "तिची खुर्ची काढ बाहेर."

धाकट्यानं खुर्ची अंगणात ठेवली.

"मोज. टेपनं."

"बाहत्तर."

"चालते किती?"

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. तिनं विळा चाकाला लावला, पण चाक फिरवलं नाही.

"पंच्याहत्तर," धाकटा म्हणाला.

मिस्त्री खुर्चीच्या पायावरून अंगठा फिरवत राहिला. "तुला ठाऊक होतं?"

"नाही," ती म्हणाली.

"तिथं माप घेतात ना दर वेळी?"

"घेतात. पण आकडा सांगत नाहीत. जास्त नाही ना, एवढंच बघतात."

"हं," मिस्त्री म्हणाला. तिच्या विळ्याकडे बघितलं. चाक थांबलेलंच होतं.

त्या दिवशी दोन यंत्रांचे मालक बोंबलत परत गेले. खुर्चीचे चारही पाय कापून खाली तुकडे जोडायचे होते. सांधायचं काम आता धाकटा करायचा, पण तुकडे धरायला मिस्त्री स्वतः बसला. टेप धाकट्याच्या हातात होती. प्रत्येक तुकडा कापल्यावर मिस्त्री म्हणायचा, "पुन्हा मोज." ऊन डोक्यावर आलं, त्याच्या पाठीवरून घाम ओघळत होता, ठिणगी मनगटावर पडली तरी त्यानं हात हलवला नाही. आयुष्यभर ज्यानं दुसऱ्यांना मापं सांगितली तो आता पोराला विचारून विचारून मोजत होता. तिला ते बघवेना. ती विळ्यांच्या ढिगाकडे तोंड करून बसली.

काम झाल्यावर हात धुता धुता मिस्त्री म्हणाला, "यंदा मी येणार आहे."

अठरा वर्षांत तो एकदाही आला नव्हता. स्पर्धा नेमकी सुगीत पडायची आणि सुगीत तो भट्टी सोडत नसे. आपण नसताना एखादं यंत्र उघड्या तोंडानं गेलं तर?

"यंत्रांचं काय, बाबा?"

"धाकटा आहे. तो माझ्यापेक्षा कडक निघालाय. काल जाळीविना निघालेल्या एकाच्या ट्रॅक्टरची चावीच काढून घेतली."

सरांचे केस आता पांढरे झाले होते, पण शिट्टी गळ्यात तशीच होती. कापलेल्या शेतात त्यांनी खुर्ची आवळली. तिसऱ्याच फेकीला गोळा सात मीटर चौसष्टवर पडला. सहा वर्षांत तो तिथवर गेला नव्हता. "बघ! बोटाला बोट! किती वर्षं घसा फोडून सांगतोय!" सर टेप हातात घेऊन नाचायचेच बाकी होते. "आता तुला स्वर्ग दोन बोटं उरला म्हणून समज."

ती हसली, पण गोळा मांडीवर घेऊन बसून राहिली. सोनं तिला हवं होतं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, पण फार हवं होतं. दर वर्षी पदक घ्यायला खालच्या पायरीशेजारी खुर्ची लावताना वरच्या पायरीकडे नजर जायचीच. मात्र यंदा कुंपणाशी बाबा असणार होते. बोटभरानं जिंकली, तर ते हिशेब करणार. शाळा दुसरीपर्यंत झाली असेल, पण मापाच्या हिशेबात त्यांना कोण हरवणार? आजचं बोट खुर्चीनं दिलं, तर मागची बोटं कुणी खाल्ली, हे त्यांना क्षणात कळणार. जाळीचं ओझं होतंच, त्यावर आणखी हे. सत्तरीच्या माणसानं किती वाहायचं? नेहमीइतकंच फेकायचं, तिनं ठरवलं. दुसरं नाहीतर तिसरं. खुर्ची उंच करूनही तेवढंच पडलं म्हणजे बाबा म्हणतील, दोन बोटांनी काही बिघडलं नव्हतं. निवांत झोपतील. पदक काय, आणलं तरी भिंतीवर धूरच खाणार.

*

टेम्पोनं पहाटे निघून ते दहाला मैदानावर पोचले. मिस्त्रीनं धुतलेला सदरा घातला होता आणि हातात गज होता. मोजायला त्याचा उपयोग उरला नव्हता, तरी हल्ली तो काठीसारखा घेऊन चालायचा. जित्याची खोड.

पंचानं खुर्चीला टेप लावली. "पंच्याहत्तर. बरोबर," तो मोठ्यानं म्हणाला. नंतर कागदावरून मान वर करून तिला ओळखून हसला. "बाई, शेवटी उंच केलीत तर! किती वर्षं सांगतोय."

तिनं झटकन कुंपणाकडे पाहिलं. बाबा लोखंडी नळाला धरून उभे होते, दहा पावलांवर. डोळे धूसर झाले होते, कान नव्हते झाले.

या खेळात प्रत्येकीला एकदाच खुर्चीत आवळतात आणि साऱ्या सहा फेकी एकापाठोपाठ करून घेतात. तिचा नंबर शेवटचा होता. आधीच्या सगळ्यांत एका उंच बाईची सात मीटर त्रेसष्ट ही फेक पुढे होती. सरांनी पट्टे आवळले. तिनं डाव्या हातानं दांडा धरला, गोळा मानेशी लावला आणि फेकला. सात अठ्ठेचाळीस. दुसरी सात पन्नास. तिसरी सात सत्तेचाळीस. सर घामाघूम झाले. "काय झालं? खांदा दुखतोय का?" ती म्हणाली, "हो, जरा." चौथी सात एक्कावन्न. एवढ्यानं ती तिसरी येत होती. तिनं मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला.

"टण्."

वीस वर्षांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता.

"टण्."

कुंपणाच्या नळावर गजाचे दोन ठोके. पूर्ण ताकदीनं, काही राखू नकोस.

"ओ आजोबा, आवाज करू नका," कुंपणाजवळचा एक पंच ओरडला. आजोबांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते तिच्याकडे बघत होते, चादरीकडे नाही, जमिनीकडे नाही, सरळ तिच्या तोंडाकडे. चार फेकी त्यांनी नुसत्या कानानं ऐकल्या होत्या. धप्प आवाज, त्याच्या आधीचा तिचा श्वास. घण आखडता पडतोय हे त्यांना पहिल्याच फेकीला कळलं असणार. मग तीन फेकी ते थांबले होते, लेक स्वतःहून सरळ होते का ते बघत.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोळा अस्पष्ट दिसू लागला. सगळं कळलंय यांना, आणि तरी मागताहेत. खरं काय ते मागताहेत.

पाचवी फेक सात साठ.

"टण्. टण्."

सहाव्या फेकीला तिनं दांडा असा ओढला की खुर्चीचे नवे सांधे करकरले. आपण तेरा वर्षांच्या आहोत, अंगणात दव आहे आणि समोर लाल लोखंड आहे, एवढंच तिला त्या घटकेला ठाऊक होतं. तोंडातून असा आवाज निघाला की शेजारची माणसं दचकली. गोळा पडला. टेप ओढली गेली. पंच दोनदा वाकला.

"सात मीटर पासष्ट."

सर मटकन गवतातच बसले आणि तोंडावर टोपी धरून हुंदके देऊ लागले.

*

परतीला टेम्पोच्या मागच्या हौद्यात खुर्ची बांधली होती आणि तिला टेकून बापलेक बसली होती. सर पुढे टेम्पोवाल्याला तीच फेक सातव्यांदा सांगत होते. ऊन कलत होतं. दोन्ही बाजूंच्या शेतांत मळण्या चालल्या होत्या आणि भुसा हवेत तरंगत होता.

मिस्त्रीनं पदक मागून घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला, उलटं करून चाचपलं.

"ओतीव आहे," तो म्हणाला. "घडीव नाही."

ती खळखळून हसली. "मग काय, परत देऊन येऊ?"

"राहू दे आता." त्यानं पदक पुन्हा सरळ केलं. "त्या बाईच्या पुढे किती?"

"दोन सेंटीमीटर."

"आणि खुर्ची तीन वाढली." त्यानं पदक सदऱ्याला पुसलं. "मागं हरलीस ती कितीनं?"

खोटं बोलायची सवय जिभेवर होतीच. पण दोन ठोके दिल्यावर घण चोरायचा नसतो.

"एकदा दोननं. एकदा एकानं. बाकीच्या वर्षी खरंच दुसऱ्या बायका भारी होत्या, बाबा."

मिस्त्रीनं बोटांवर मोजलं. एक, दोन. दोन सोन्याची पदकं. तो रडत होता, पण आवाज नव्हता, नुसतं गालावरून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं," तो म्हणाला. "घोंगडी शिवली तेव्हाही."

"हो."

"मी नुसतं मापच नाही चुकलो, पोरी. त्या दिवशी जाळी..." वीस वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. "जाळी मीच काढली. दोन तास म्हणालो. मालकाला थांब म्हणता आलं असतं. मी म्हटलं चालवा. मी म्हटलं. तुझे पाय मी..."

तिनं त्याच्या हातातला गज काढून घेतला. आडवा केला आणि टेम्पोच्या लोखंडी तळावरून खर्रकन ओढला.

मिस्त्रीचं वाक्य तिथंच तुटलं. आयुष्यभर ती खूण त्यानं दुसऱ्यांना दिली होती, त्याला कुणी दिलेली नव्हती. तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान हलवली, हात मांडीवर ठेवले आणि पाठ खुर्चीला टेकली.

टेम्पो वळणावर आला. लांबून भट्टीचा धूर दिसत होता आणि अंगणात अजून चार यंत्रं उभी होती.